फोर्कलिफ्टची फिरती सीट: रिव्हर्स चालवण्यासाठी निवड, बसवणी आणि वापर

फ्रिजचे खोके, रिकामे क्रेट किंवा कापसाच्या गाठी असा उंच आणि रुंद माल फोर्कवर घेतला की मास्टच्या, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या पुढच्या उभ्या चौकटीच्या, पलीकडचे काहीही दिसेनासे होते. अशा वेळी गाडी उलटी चालवावी, म्हणजे माल मागे राहतो आणि चालकाची नजर जाण्याच्या दिशेला मोकळी राहते, हा फोर्कलिफ्ट चालवण्याचा जगभर मान्य असलेला नियम आहे. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमावलीत तो कलम १९१०.१७८ मध्ये स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. नियम योग्यच आहे, परंतु त्याची किंमत चालकाची मान आणि कंबर मोजते. भिवंडीच्या एखाद्या गोदामात कंटेनर रिकामा करणारा चालक प्रत्येक खेपेला सरळ आत जातो आणि उलटा बाहेर येतो, कारण २० फुटी कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर असते आणि तेथे गाडी वळवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बाहेर आल्यावरही माल उंच असेल तर रॅकपर्यंतचा रस्ता त्याला उलटाच कापावा लागतो.

या त्रासावर उपाय म्हणून कारखाने आणि गोदामे आता फिरत्या सीटची, म्हणजे बैठकीखाली फिरती चकती असलेल्या सीटची, चौकशी करू लागली आहेत. बसून चालवण्याच्या, मागे काउंटरवेट (मालाला तोलणारे वजन) असलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टसाठी अशी सीट केव्हा घ्यावी, कशी निवडावी, बसवताना काय तपासावे आणि चालकाला तिची सवय कशी लावावी, हे येथे क्रमाने मांडले आहे. रीच ट्रकमध्ये, म्हणजे अरुंद वाटेत उंच रॅकवर माल लावणाऱ्या गाडीत, चालक मुळातच आडवा बसतो आणि दोन्ही दिशांना सारख्याच सहजतेने पाहू शकतो, त्यामुळे तो विषय येथे घेतलेला नाही.

सीट वळल्याने नेमके काय साधते

फिरती सीट म्हटल्यावर अनेकांच्या मनात चालक पूर्ण मागे तोंड करून बसला आहे असे चित्र येते. तशी व्यवस्था अस्तित्वात आहे. रो-रो जहाजांवर, म्हणजे वाहने चालवतच आत नेली जातात अशा जहाजांवर, ट्रेलर चढवणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये आणि काही अवजड ट्रकमध्ये सीट १८० अंशांत फिरते, परंतु तेथे स्टीअरिंग, पेडल आणि इतर नियंत्रणेही दोन्ही दिशांनी वापरता येतील अशीच रचना मुळापासून केलेली असते. आपल्या दोन-तीन टनी फोर्कलिफ्टमध्ये स्टीअरिंग आणि पेडल जागचे हलत नाहीत. म्हणून तिच्यासाठी मिळणारी सीट साधारणपणे १५ ते २० अंशच वळते, आणि तीही बहुधा उजवीकडेच.

उजवीकडे का, याचे उत्तर हातांच्या कामात आहे. फोर्कलिफ्टचा चालक डाव्या हाताने स्टीअरिंगवरचा नॉब धरतो आणि उजवा हात हायड्रॉलिक लिव्हरसाठी, म्हणजे माल उचलण्या-कलवण्याच्या दांड्यांसाठी, मोकळा ठेवतो. रिव्हर्स घेताना डावा हात नॉबवरच राहतो, उजवा हात मागच्या खांबावरच्या मुठीवर जातो, आणि अंग आपोआप उजव्या खांद्यावरून मागे वळते. सीट त्याच दिशेने वळली तर शरीराला मदत होते. डावीकडे वळली तर डावा खांदा मागे जाऊन नॉब हातातून सुटू लागतो.

पंधरा-वीस अंशांनी काय फरक पडणार, अशी शंका येणे साहजिक आहे. निरोगी प्रौढाची मान एका बाजूला साधारण ७० ते ८० अंश वळते आणि कमरेपासून वरचे अंग आणखी ३५ ते ४५ अंश पीळ घेते. थेट मागे पाहण्यासाठी लागणारे उरलेले अंतर डोळे आणि बैठकीवरची सरकासरक भरून काढतात. म्हणजे रिव्हर्सच्या प्रत्येक खेपेला मान तिच्या शेवटच्या टोकापर्यंत जाऊन तेथे थांबते, आणि त्रास नेमका त्या टोकाला होतो. सीटने १५ अंश स्वतःवर घेतले की मान त्या टोकापासून मागे येते आणि तिला थोडी ढील मिळते. वय वाढते तसे मानेचे वळणे कमी होत जाते, त्यामुळे पन्नाशीच्या चालकाला या फरकाचे मोल तिशीतल्या चालकापेक्षा अधिक वाटते.

दुसरा भाग धक्क्यांचा आहे. फोर्कलिफ्टची चाके बहुधा भरीव रबराची असतात आणि गाडीला मोटारीसारखी स्प्रिंगची बैठक नसते, त्यामुळे डॉकच्या पट्टीवरून किंवा फुटलेल्या काँक्रीटवरून जाताना बसणारा प्रत्येक दणका सीटमधून थेट पाठीच्या कण्यात जातो. पीळ घेतलेल्या कण्याला हा दणका सरळ कण्यापेक्षा जास्त बाधतो. युरोपीय संघाच्या २००२/४४/ईसी या निर्देशात संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठी आठ तासांच्या पाळीचे दोन आकडे दिले आहेत: ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला मालकाने उपाय सुरू करावेत आणि १.१५ च्या पुढे कामगाराला जाऊ देऊ नये. फिरती चकती ही कंपने कमी करत नाही, ते काम सीटच्या सस्पेंशनचे, म्हणजे दणके शोषणाऱ्या यंत्रणेचे, असते. म्हणून सस्पेंशन खचलेल्या जुन्या सीटखाली नुसती चकती टाकून देण्यापेक्षा, चांगले सस्पेंशन आणि फिरणे या दोन्ही सोयी एकत्र असलेली पूर्ण सीट घेणे शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरज आहे का, हे आधी पाहावे

प्रत्येक फोर्कलिफ्टला ही सीट लागत नाही. ज्या गाडीवर कमी उंचीचे पॅलेट हलवले जातात आणि चालकाला मास्टमधून समोरचे स्वच्छ दिसते, तेथे रिव्हर्स फक्त फोर्क बाहेर काढण्यापुरता दोन-चार मीटर असतो आणि तेवढ्यासाठी सीट फिरवत बसायला कोणताही चालक तयार होणार नाही. एका संपूर्ण पाळीत एखाद्या माणसाने बाजूला उभे राहून प्रत्येक खेपेचे रिव्हर्सचे अंतर आणि वेळ कागदावर टिपावी. रिव्हर्स लांब असेल आणि वारंवार असेल तरच पुढे जावे. चालकांना मान, उजवा खांदा किंवा कंबर यांपैकी काय आणि पाळीच्या कोणत्या वेळी दुखते, हेही विचारावे. हा प्रश्न सुपरवायझरने सर्वांसमोर विचारला तर बहुतेक जण काही दुखत नाही असेच सांगतील, म्हणून तो एकेकाला बाजूला घेऊन विचारलेला बरा.

याच टिपणातून काही वेळा वेगळेच उत्तर निघते. माल एका थराने कमी रचला तर समोरचे दिसू लागते आणि रिव्हर्सची गरजच उरत नाही. किंवा गोदामातला एक रॅक सरकवला तर गाडीला वळायला जागा मिळते आणि चाळीस मीटरचा उलटा प्रवास दहा मीटरवर येतो. असे उत्तर मिळाले तर सीटचा खर्च वाचतो आणि धोकाही मुळातून कमी होतो. आरसे आणि मागचा कॅमेरा यांनाही येथे जागा आहे, परंतु ती दुय्यम आहे. गोल आरशात अंतर फसवे दिसते, कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसते, आणि पडद्याकडे पाहणाऱ्या चालकाला बाजूने येणारा हमाल दिसत नाही. मागे पाहण्याला पर्याय म्हणून नव्हे, तर जोड म्हणून ती साधने वापरावीत.

सीटआधी लावण्याजोगी एक साधी वस्तू म्हणजे ओव्हरहेड गार्डच्या, म्हणजे चालकाच्या डोक्यावरच्या संरक्षक चौकटीच्या, उजव्या मागच्या खांबावरची मूठ, जिच्यावरच हॉर्नचे बटण असते. अनेक कंपन्या ती मूळ गाडीसोबत पर्याय म्हणून देतात. मूठ नसेल तर चालक उजवा हात सीटच्या पाठीवर टाकतो किंवा गार्डचा खांब बाहेरून धरतो, आणि खांब व रॅक यांच्यात बोटे चिरडण्याचा धोका ओढवून घेतो. फिरत्या सीटचा पूर्ण लाभही ही मूठ असल्याशिवाय मिळत नाही, कारण वळलेल्या अंगाला कोठेतरी आधार लागतोच.

सीट निवडताना

पहिला फोन गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रेत्याला करावा. त्या मॉडेलसाठी फिरती सीट मूळ पर्याय म्हणून उपलब्ध असेल तर पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. ती नसेल आणि बाहेरच्या सीट उत्पादकाची सीट घ्यायची असेल, तर बसवण्यापूर्वी गाडीच्या निर्मात्याची लेखी संमती घ्यावी. ओशाच्या त्याच कलमात गाडीच्या क्षमतेवर किंवा सुरक्षित चालण्यावर परिणाम करणारा कोणताही बदल निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नये असे म्हटले आहे, आणि फोर्कलिफ्टच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३६९१-१ हेही वापरणाऱ्याने परस्पर बदल करण्याच्या विरोधात आहे. गाडी भाड्याची असेल, आणि आपल्याकडच्या गोदामांत बऱ्याचशा भाड्याच्याच असतात, तर मालकाचीही संमती हवी. त्याच्या करारात वॉरंटी आणि विमा या दोन्ही गोष्टी अडकलेल्या असतात.

लेथ असलेल्या कारखान्यात बेअरिंगवर चकती कातून घेऊन ती सीटखाली वेल्डिंग करून देणारे कारागीर सहज मिळतात, आणि काम दिसायलाही नीटनेटके असते. तरीही हे करू नये. फोर्कलिफ्ट कलंडली तर चालकाने सीट बेल्ट लावून सीटमध्येच घट्ट बसून राहायचे असते, उडी मारायची नसते. कारण उडी मारणाऱ्याच्या अंगावर ओव्हरहेड गार्ड येऊन पडतो. त्या क्षणी चालकाचे सारे वजन बेल्टमधून सीटवर, सीटमधून चकतीवर आणि चकतीतून बॉनेटवर, म्हणजे सीटखालच्या झाकणावर, येते. ही साखळी तपासून सिद्ध केलेली असली पाहिजे, आणि घरगुती चकतीची तशी चाचणी कोणी केलेली नसते. मोटारीसाठी किंवा वृद्धांच्या सोयीसाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या फिरत्या चकत्यांनाही हेच लागू होते.

सीट हातात घेऊन पाहताना तिला जागेवर अडकवणारा खटका नीट तपासावा. मधल्या सरळ स्थितीत ती आपोआप आणि स्पष्ट आवाज करून अडकली पाहिजे, वळलेल्या स्थितीतही अडकली पाहिजे, आणि दोन्हींच्या मध्ये सोडली तर कोठेही अर्धवट टेकून राहता कामा नये. खटक्याची कळ चालकाला न वाकता, बसल्या जागेवरून हाताशी यावी. काही सीटमध्ये ही कळ उजव्या बाजूला असते आणि नेमकी हायड्रॉलिक लिव्हरच्या खोबणीत जाते. अशी सीट दुकानात उत्तम वाटते, गाडीवर मात्र निरुपयोगी ठरते. लिव्हर आर्मरेस्टवर असलेल्या गाडीत आर्मरेस्ट सीटसोबत वळणारा हवा, म्हणजे नियंत्रण हाताखालीच राहते, परंतु त्यात वायरची काळजी अधिक घ्यावी लागते.

बसवण्यापूर्वीची मापे

चकतीमुळे सीट काही सेंटिमीटर वर उचलली जाते. हे काही सेंटिमीटरच पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ असतात, म्हणून मापे घेण्यात एक सकाळ घालवावी लागली तरी ती घालवावी. पाळीतल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या अशा दोन चालकांना बोलवावे. उंच चालकाला हेल्मेट घालून, सस्पेंशन त्याच्या वजनाला लावून बसवावे आणि हेल्मेट व ओव्हरहेड गार्ड यांच्यात पुरेसे अंतर उरते का ते पाहावे. दणक्यात सीट खालीवर होते हे लक्षात ठेवून किमान मूठभर जागा मोकळी हवीच, आणि मॅन्युअलमध्ये अंतर दिले असेल तर तेच प्रमाण मानावे. बुटक्या चालकाचा पाय ब्रेकच्या पेडलवर पूर्ण, म्हणजे तळव्यासकट, दाबला जातो का हे पाहावे. उंची वाढल्यावर पायाची टाच जमिनीवरून सुटत असेल तर ती सीट त्या चालकासाठी नाही.

मग सीट वळवून हीच तपासणी पुन्हा करावी, कारण वळल्यावर पायांचे गणित बदलते. सीट उजवीकडे वळते तेव्हा डावा गुडघा स्टीअरिंगच्या खांबाकडे सरकतो आणि उजवा गुडघा हायड्रॉलिक लिव्हरकडे. डावा गुडघा अडत असेल तर स्टीअरिंग वर उचलून किंवा सीट एक खाच मागे घेऊन तो प्रश्न सुटू शकतो. उजवा गुडघा लिव्हरला लागत असेल तर मात्र तेथेच थांबावे, कारण धक्का बसून मास्ट पुढे कलणे किंवा माल खाली येणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. डिझेल आणि एलपीजी गाड्यांमध्ये डाव्या पायाखाली इंचिंग पेडल, म्हणजे गाडी इंचाइंचाने सरकवण्याचे पेडल, असते. वळलेल्या सीटवरून तो पाय लांबवावा लागतो आणि आखूड पायांच्या चालकाला तो पोहोचतच नाही. दोन पेडलांच्या गाड्यांत, जेथे एक पाय पुढे जाण्यासाठी आणि दुसरा मागे येण्यासाठी असतो, तेथे रिव्हर्सचे पेडल डाव्या पायाखाली येत असेल तर वळलेल्या सीटवर त्याचा ताबा कसा राहतो हे अधिक बारकाईने पाहावे.

मागे पाहण्याची रेषाही याच वेळी तपासावी. एलपीजीच्या गाडीत काउंटरवेटवर आडवा ठेवलेला सिलिंडर नजरेच्या आड येतो आणि चालक त्याच्या बाजूने पाहण्यासाठी गाडीच्या चौकटीबाहेर झुकतो. फिरत्या सीटवर हे झुकणे अधिक सोपे होते, आणि हा तिचा खरा तोटा आहे. डोके किंवा कोपर गार्डच्या खांबाबाहेर न काढता मागचा रस्ता दिसतो का, याचे उत्तर होकारार्थी आले पाहिजे.

प्रत्यक्ष बसवणी

काम सपाट जमिनीवर, फोर्क खाली टेकवून, पार्किंग ब्रेक लावून, किल्ली काढून करावे. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचा प्लग ओढून वेगळा करावा, कारण सीट बॅटरीच्या झाकणावरच बसलेली असते. डिझेल गाडीत बॅटरीची ऋण वायर सोडावी. जुनी सीट काढण्यापूर्वी तिच्याखालच्या वायरचे फोटो काढून ठेवावेत. तेथे बहुधा दोन जोड असतात: एक सीटमधल्या स्विचचा, जो चालक उठला की गाडीची चाल आणि हायड्रॉलिक बंद करतो, आणि दुसरा सीट बेल्टच्या बकलचा.

नवीन सीटचे बोल्ट बॉनेटवरच्या मूळ भोकांतच बसले पाहिजेत. भोके जुळत नसतील तर सीट उत्पादकाची जोडपट्टी वापरावी. बॉनेटला नवीन भोके पाडू नयेत आणि जुनी भोके घासून मोठीही करू नयेत. बोल्ट उत्पादकाने दिलेल्याच ग्रेडचे असावेत आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत. ८.८ ग्रेडच्या एम-८ बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, परंतु मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न पडणारा नट) एकदा काढला की पुन्हा वापरू नये.

यानंतर बेल्ट पाहावा, आणि येथे घाई करू नये. नव्या सीटचा बेल्ट तिच्याच चौकटीला जोडलेला असेल तर तो सीटसोबत वळतो आणि प्रश्न उरत नाही. काही जुन्या गाड्यांत मात्र बेल्टची टोके बॉनेटला जोडलेली असतात. अशा गाडीत सीट वळली की बेल्ट एका बाजूला ताणला जातो, दुसऱ्या बाजूला सैल पडतो आणि कमरेवरून पोटावर सरकतो. चालकाला ते टोचते आणि तो आठवडाभरात बेल्ट लावणे सोडून देतो. बॉनेटला जोडलेल्या बेल्टसोबत फिरती सीट बसवू नये. बॉनेटची कडीही तपासावी, कारण गाडी कलंडताना ती सुटली तर सीटसकट चालक बाहेर फेकला जातो.

स्विचच्या वायरला सीटच्या दोन्ही टोकांपर्यंत वळण्याइतकी ढील ठेवावी, परंतु ती चकतीच्या फटीत जाणार नाही अशी टायने बांधावी. सीट सरळ व वळलेल्या स्थितीत, पुढे व मागे सरकवून, सर्व टोकांना नेऊन पाहावी आणि वायर कोठेही ताणली किंवा दबली जात नाही याची खात्री करावी. वळलेल्या सीटवर गाडी मध्येच बंद पडते अशी तक्रार आली तर दोष बहुधा याच वायरचा असतो. आणि त्यावर स्विच शॉर्ट करून टाकणे हा जो उपाय काही मेकॅनिक सुचवतात, तो कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये.

शेवटी बॉनेट उघडून पाहावे. सीट वळलेली असताना ते बहुधा पूर्ण उघडत नाही किंवा सीटची पाठ स्टीअरिंगला आदळते. बॅटरी बदलण्यापूर्वी किंवा तेल तपासण्यापूर्वी सीट सरळ करून अडकवावी, अशी सूचना मराठीत आणि हिंदीत लिहून बॉनेटच्या कडेला चिकटवावी.

पहिली चाचणी आणि चालवण्याची पद्धत

पहिली चाचणी बंद गाडीवर, दुसरी चालू पण उभ्या गाडीवर आणि तिसरी मोकळ्या अंगणात रस्त्यावरचे ट्रॅफिक कोन मांडून, मालाशिवाय घ्यावी. चालकाने बेल्ट लावावा, सीट वळवावी, चालण्याच्या वेगाने सरळ रिव्हर्स घ्यावा आणि ठरलेल्या खुणेवर ब्रेक दाबून थांबावे. ब्रेकवर पाय न चाचपडता गेला पाहिजे. वळलेल्या बैठकीवर पाय पेडल शोधत असेल तर आणखी सराव द्यावा, आणि तरीही जमत नसेल तर सीटची मागे-पुढे स्थिती बदलून पुन्हा पाहावे. हे सर्व झाल्यावरच माल घेऊन चाचणी करावी.

रोजच्या कामातला क्रम असा ठेवावा. माल उचलून, मास्ट मागे कलवून, फोर्क जमिनीपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटरवर आणावा. गाडी पूर्ण थांबलेली असावी, दिशेचा लिव्हर न्यूट्रलमध्ये आणि पार्किंग ब्रेक लागलेला असावा. मग खटका सोडून सीट वळवावी आणि अडकल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबावे. उजवा हात मागच्या मुठीवर न्यावा, दोन्ही बाजूंना आणि मागे पाहावे, हॉर्न वाजवावा आणि मगच रिव्हर्स टाकावा. चालत्या गाडीत सीट फिरवू नये. ज्या क्षणी सीट मोकळी असते त्या क्षणी चालकाला टेकायला काहीच नसते आणि तो नकळत स्टीअरिंगला लोंबकळतो.

सुरुवात हळू करावी. रिव्हर्समध्ये एकदम वेग दिला तर गाडी मागे जाते आणि माल जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजे तो फोर्कच्या टोकाकडे घसरतो. दुसरी काळजी वळणाची. फोर्कलिफ्टची वळणारी चाके मागे असतात, त्यामुळे पुढे जाताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे प्रत्येक चालकाला ठाऊक असते; उलटे जाताना मात्र वळणारी चाके पुढे धावतात, फोर्ककडची चाके आतल्या बाजूने येतात, आणि मागे राहिलेला माल रॅकच्या आतल्या खांबाला घासण्याची शक्यता वाढते. फिरत्या सीटवर आरामात बसलेला चालक मालाकडे पाहायचे विसरतो असा अनुभव आहे. वळणापूर्वी थांबून एकदा मान पुढे करून मालाची कड पाहण्याची सवय सुरुवातीच्या सरावातच लावावी, नंतर ती लागत नाही.

माल ठेवण्याच्या जागी पोचल्यावर प्रथम सीट सरळ करून अडकवावी आणि मगच मास्ट उचलावा. उंचावर माल लावताना वळलेल्या सीटवर बसून मान पुढे करणे म्हणजे तोच पीळ उलट्या बाजूने घेणे होय.

उतारावर नियम बदलतो. भरलेली गाडी उताराच्या चढाकडे माल ठेवूनच चालवायची असते, म्हणजे चढताना सरळ आणि उतरताना उलटी. ओशाचा नियम १० टक्क्यांपेक्षा जास्त चढासाठी हे बंधनकारक करतो. उतरताना फिरती सीट उपयोगी पडते. चढताना माल समोर येऊन दृष्टी अडवत असेल तर सीटचा काही उपयोग नाही. तेथे बाजूला उभे राहून इशारा देणारा माणूस लागतो.

सीट बसवून झाल्यावर सर्व पाळ्यांच्या चालकांना हा क्रम प्रत्यक्ष गाडीवर करून दाखवावा. रात्रपाळीचा चालक बहुधा विसरला जातो, आणि सकाळी सीट वळलेल्या स्थितीत सापडते. गाडी सोडताना सीट सरळ करून ठेवण्याचा नियम त्यासाठीच आहे. नवीन माणूस घाईत चढला आणि सीट त्याच्याखाली अनपेक्षितपणे वळलेली असली तर त्याचा पाय चुकीच्या पेडलवर जाऊ शकतो. महिनाभराने, सुरुवातीच्या टिपणाच्याच पद्धतीने, कोण सीट वळवतो आणि कोण वळवत नाही हे पाहावे. अर्धे चालक ती वापरत नसतील तर त्यांना दोष देण्यापूर्वी खटक्याची जागा आणि रिव्हर्सचे अंतर पुन्हा तपासावे. छोट्या रिव्हर्ससाठी कोणी सीट वळवत नाही, आणि वळवू नये हेच योग्य आहे.

देखभाल

पाळीच्या सुरुवातीच्या तपासणीपत्रकात दोन ओळी वाढवाव्यात: सीट दोन्ही स्थितींत अडकते का, आणि सीटवरून उठल्यावर गाडीची चाल बंद होते का. यांपैकी एकाचेही उत्तर नाही असेल तर गाडी कामावर घेऊ नये. चकतीत बाजूबाजूचा हलता खेळ किती आहे हे महिन्यातून एकदा सीटची पाठ धरून हलवून पाहावे आणि बोल्टचा टॉर्क तपासावा. सिमेंट, पीठ किंवा मिरची यांच्या गोदामात बारीक धूळ खटक्याच्या खाचेत बसते आणि खटका अर्धवट टेकतो. तेथे खाच कोरड्या ब्रशने झाडावी आणि उत्पादकाने सांगितले असेल तेवढेच ग्रीस लावावे, कारण जास्तीच्या ग्रीसला धूळ आणखी चिकटते. कॉम्प्रेस्ड हवेने फुंकर मारल्यास तीच धूळ चकतीच्या बेअरिंगमध्ये जाते. खटक्याची स्प्रिंग सैल झाली किंवा दाता झिजला तर तो भाग दुरुस्त न करता उत्पादकाकडून नवीन घ्यावा, आणि तो येईपर्यंत सीट सरळ स्थितीत बोल्टने पक्की करण्याची सोय उत्पादकाने दिलेली असेल तर ती वापरावी. नसेल तर गाडी उभी ठेवावी.